दादांचा पटका, डॉक्टरांचा टोप

जिंतूर,
९ डिसेंबर १९५७

तीर्थरूप दादांना आणि आईला वैजीनाथचा जिंतूरहून दंडवत.

दादा, आधी नीट बसून घ्या आणि मग गुरुजींना पुढचं वाचायला सांगा. सरकारनं मला फटफटी दिली! सायकल नव्हे, फटफटी. लष्करानं मोडीत काढलेली, हिरव्या रंगाची. उभी करायची म्हटली की दम लागतो, पण एकदा चालायला लागली की माझं काही वजनच नाही असं वाटतं.

का दिली ते सांगतो. गुरांच्या बुळकांडी रोगाची लस परभणीला रेल्वेनं येते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दुपारच्या आत जनावरांच्या अंगात गेली पाहिजे. सायकलवर मी जिंतूरला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. गेल्या साली येलदरीकडच्या एका गावात असंच झालं. डबा उघडला तर आत कोमट पाणी. पुढच्या आठ दिवसांत त्या गावची एकोणीस जनावरं ओढ्याकाठी पडली. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता ऐका. काल परभणीहून निघताना मी गरम भाकर फडक्यात बांधून घेतली होती. जिंतूरला उतरलो तेव्हा ती अजून गरम होती. पंचवीस मैल, दादा! झाडं समोरून धावत येतात आणि कानाला लागून निघून जातात. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते वाऱ्याचं. डबा उघडला तर बर्फ तसाच्या तसा. बघायला सगळी गल्ली जमली. एका म्हाताऱ्या आजोबांनी खडा तळहातावर घेतला आणि "भाजलं रे!" म्हणून टाकून दिला.

आता विचारायचं ते विचारतो. फटफटीबरोबर एक टोप मिळालाय. हेल्मेट म्हणतात त्याला. तो घातल्याशिवाय फटफटीला हात लावायचा नाही, असा आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे. ते महायुद्धात खेचरांच्या पलटणीवर डॉक्टर होते. मला म्हणाले, "वैजीनाथ, फटफटीवरून पडलेला माणूस हात मोडून उठतो, पाय मोडून उठतो. डोकं फुटून उठलेला मी पाहिला नाही." पण टोप बसवायचा तर पटका काढावा लागतो. नोकरीला निघालो तेव्हा वेशीत तुम्ही तो स्वतःच्या हातानं बांधला होता. म्हणून तुम्हाला न विचारता काढवत नाही. काय करू ते कळवा.

तुमचा
वैजीनाथ


राणीसावरगाव,
१८ डिसेंबर १९५७

बाबा वैजीनाथ, तुझा बाप सूर्यभान बोलायलाय आन् दिनकरराव गुर्जी लिवायलेत. त्यांना सांगितलंय, मी बोलंन तसंच लिवा, शुद्ध करत बसू नका.

तुझा कागद चावडीम्होरं तीनदा वाचायला लावला. भाकर गरम ऱ्हायली म्हनल्यावर माणसं बोटावर मैल मोजाय लागली. तुझी आय दोन दिवस झाले एकच म्हनायलीय, लेकरू उडत गेलं का काय. मलाबी लय नवल वाटलं बघ. आपल्या घरातला माणूस आन् वाऱ्याच्या म्होरं!

पण टोपाचं म्हनशील तर न्हाई. आरं, डोक्यावर भगुनं घालून हिंडणार का तू? अठ्ठेचाळीसच्या गडबडीत बाजारातून येताना दंगेवाल्यांनी आमाला वाटंत गाठलं ते तुला ठावं हाय. तुझा आश्रुबा काका छातीत मार लागून जाग्यावर गेला. माझ्या डोक्यात काठी बसली. काठी मोडली, पण डोकं न्हाई मोडलं. कशानं? पटक्यानं. त्या दिशी सकाळी तुझ्या आजीनं आमा दोघा भावांचे पटके सवताच्या हातानं बांधले व्हते. अकरा वेढे. तुझ्या डॉक्टरनं लढाई बघितली आसंल, म्या माझ्या टाळूवर बघितलीय.

आन् बाप जिता असताना लेकानं बोडक्या डोक्यानं हिंडू न्हाई. गावात बोडक्यानं कोण येतं? मेल्याची खबर घिऊन येणारा. तवा पटका सोडू नको. तुला आमा दोघांचा आशीर्वाद हाय.

सूर्यभान (अंगठा)

(खालचं मी, दिनकरराव, माझ्या मनानं लिहितो. उत्तरात याचा उल्लेख करू नकोस. तुझं पत्र दादांनी पटक्यातच खोचून ठेवलं आहे. रस्त्यावर कुठल्याही मोटारीचा आवाज आला की हातातलं काम टाकून वेशीपर्यंत जाऊन येतात.)


जिंतूर,
६ जानेवारी १९५८

ती. दादांना दंडवत.

तुमचंही मोडलं नाही आणि डॉक्टरसाहेबांचंही मोडलं नाही, असा एक मार्ग मी काढला. रस्त्यानं टोप, पटका पिशवीत. गाव आलं की झाडाखाली थांबायचं, टोप काढायचा, पटका बांधायचा आणि मग आत शिरायचं. रागवू नका. आधी पुढची गंमत ऐका.

परवा एका वाडीला पोचायला उशीर झाला होता, बर्फ सुटत चालला होता. पटका बांधायला थांबलोच नाही. टोप काखेत मारला आणि तसाच गावात शिरलो. पहिल्याच घरी केशरबाई नावाची बाई धान्य पाखडत बसली होती. तिचा नवरा ऊस तोडायला नगरकडं गेलेला. माझं धुळीनं माखलेलं तोंड आणि बोडकं डोकं पाहिलं मात्र, सूप टाकून तिनं असा काही हंबरडा फोडला की मीच घाबरलो. शेजारच्या बाया धावल्या. मला कुणी बोलूच देईना. एक म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारते, "कसं झालं रे बाबा? लय हाल झाले का?" मी म्हणतो, "अहो, मी गुरांना सुई टोचायला आलोय!"

शेवटी हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पण रडणं ऐकून सगळी वाडी आयतीच गोळा झाली होती ना! एरवी सुईला भिऊन माणसं जनावरं रानात हाकून देतात. त्या दिवशी एकशे बारा जनावरं टोचून झाली. दादा, माझ्या बोडक्या डोक्याचा असाही उपयोग झाला.

तुमचा
वैजीनाथ


राणीसावरगाव,
१५ जानेवारी १९५८

वैजीनाथ,

मला हसायला आलं न्हाई.

दारात बोडक्या डोक्याचा माणूस बघून बाईच्या काळजाचं काय होतं, ते म्या बघितलंय. तुला त्याची गंमत वाटली. ती केशरबाई रातभर नवऱ्याची आठवण काढून बसली आसंल, ते तू कागदात लिवलं न्हाईस, कारण तुला ते दिसलंच न्हाई. पुन्हा त्या वाडीला जा, आन् हात जोडून तिची माफी माग.

आन् ह्या असल्या वाटा काढू नको. आर्धा रस्ता टोप, आर्धा रस्ता पटका, हे कसलं वागणं? आता मी इचारत न्हाई, सांगायलोय. पटकाच बांधायचा. तुला माझ्या गळ्याची आण हाय.

आपल्या गावचा बन्सीधर कापूस घिऊन परभणीला यायलाय. त्याच्याजवळ तुझ्या आयनं तिळाचे लाडू दिलेत. तिनं तुझ्या जुन्या वह्या भिजवून, मेथ्या वाटून घालून कागदाची टोपली थापलीय, त्यातच भरलेत. टोपली फेकू नको.

सूर्यभान (अंगठा)

(दिनकरराव लिहितो. आज अंगठा उमटवण्याआधी दादांनी केशरबाईचा मजकूर मला दोनदा वाचायला लावला. काय झालं म्हणून विचारलं. उठून वेशीकडं गेले.)


जिंतूर,
२५ जानेवारी १९५८

ती. दादांना दंडवत.

केशरबाईला भेटून आलो, माफी मागितली. तिचा नवरा खुशाल आहे, पत्र आलं होतं. तिनं मला चहा पाजला.

टोप खिळ्याला अडकवला. आता पटकाच बांधतो. तुम्ही फिकीर करू नका.

लाडू पोचले. टोपलीला अजून मेथ्यांचा वास येतो. बुडाशी माझ्या सातवीच्या वहीतलं एक अक्षर दिसतं. आईला सांगा, त्यात मी आता लसीच्या सुया ठेवतो.

वैजीनाथ


राणीसावरगाव,
२० फेब्रुवारी १९५८

बाबा वैजीनाथ, आरं माझ्या राजा!

बन्सीधर परवा परभणीहून आला. येशीतूनच वरडत आला, सूर्यभानदादा, पोरगा फटफटीवरनं पडला, पण धडधाकट हाय! म्या त्याला धरून वट्यावर बसवला. तुझी आय पाणी घिऊन धावली. मंग त्यानं समदं सांगितलं. दवाखान्यात सवताच्या डोळ्यानं बघितलं म्हनं, डावा हात मोडलाय, पट्टी बांधलीय, पण डोक्याला साधा ओरखडा न्हाई. आन् डोक्यावर काय? पटका!

म्या काय म्हनलं व्हतं? काय म्हनलं व्हतं म्या! तुझ्या आजीचे हात अजून राखायलेत रं आपल्याला. मारुतीला नारळ फोडला, गावात गूळ वाटला. दोन दिस झाले, जो भेटंल त्याला सांगायलोय. तुझ्या डॉक्टरलाबी सांग, म्हनावं टोप मोडीत घाला आन् समद्यांना पटके बांधा.

आन् एक. पिंगळीचा व्यंकटीबी तुझ्यासारखाच सरकारी फटफटीवर सुया टोचत हिंडतो म्हनं. बन्सीधर येताना त्याच्या बापाला भेटला, त्यालाबी ही हकीगत सांगितली. त्यानं त्याच दिशी लेकाला कोरा पटका बांधून दिला आन् टोप खिळ्याला लावायला सांगितला. मला लय बरं वाटलं. आपल्या घरच्या शब्दानं दुसऱ्याचं लेकरू राखलं जाईल.

हाताला जप. दूध पीत जा.

सूर्यभान (अंगठा)


परभणी, दवाखाना,
२६ फेब्रुवारी १९५८

ती. दादांना.

तुमचं पत्र वाचलं आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलो. तुमच्या गळ्याची आण मी मोडली, दादा. टोप मी खिळ्याला कधी अडकवलाच नाही. जिंतूर मागं पडलं की टोप, गाव आलं की पटका, हे तसंच चालू ठेवलं आणि तुम्हाला खोटं लिहिलं.

झालं ते असं. बोरीच्या अलीकडं एक खोंड दावं तोडून रस्त्यावर आलं. त्याला चुकवायला गेलो आणि फटफटी मला सोडून निघून गेली. मला आठवतं ते एवढंच, की मी आभाळाकडं बघत पडलो होतो, वर एक घार फिरत होती, आणि मी मनात म्हणत होतो की आजची लस वाया गेली. डोकं मैलाच्या दगडावर आपटलं होतं, हे मला लोकांनी नंतर सांगितलं.

सोमवारी डॉक्टरसाहेब मला जीपमधून ती जागा दाखवायला घेऊन गेले. मैलाचा दगड, चुना दिलेला. त्याच्या कोपऱ्यावर टोपाचा हिरवा रंग लागलाय, आणि टोपावर दगडाचा चुना. डॉक्टरसाहेबांनी युद्धात काय काय पाहिलंय, पण तेही तिथं डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. धार आहे त्याला. आणि मग तेच बोट मी माझ्या कानाच्या वर लावलं. दादा, मला नवल वाटलं की माझ्या हाताला माझं डोकं लागतंय. नमस्कार करावासा वाटला. कुणाला करायचा ते कळेना, म्हणून टोपालाच केला.

पटका पिशवीत होता. बन्सीधरकाका दवाखान्याच्या दारात दिसले म्हणून घाईघाईनं कंपाउंडरकडून बांधून घेतला. एका हातानं पटका बांधता येत नाही.

हे मी कधी सांगितलं नसतं. तुम्ही खुशीत होता, खुशीतच राहू दिलं असतं. पण माझं खोटं आता व्यंकटीच्या डोक्यावर बांधलं गेलंय. येत्या दहा तारखेपासून तो माझ्या वाटच्या गावांनाही जाणार आहे. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणतो, "माझे वडील म्हणतात सूर्यभानदादा खोटं बोलायचे नाहीत. तू आजारी आहेस, तुला काय आठवतंय?" तुमच्याशिवाय त्याचे वडील कुणाचं ऐकणार नाहीत.

बन्सीधरकाका पुन्हा कापूस घेऊन आलेत, त्यांच्याबरोबर टोप पाठवतो. आधी हात लावून बघा. मग काय रागवायचं ते रागवा.

तुमचा अपराधी
वैजीनाथ


पिंगळी,
५ मार्च १९५८

बाबा वैजीनाथ,

आज गुर्जी न्हाईत. म्या पिंगळीला आलोय आन् तुझा दोस्त व्यंकटी लिवायलाय. त्यालाबी सांगितलंय, बोलंन तसंच लिव.

टोप मिळाला. बन्सीधरानं वट्यावर ठिवला. चांगली चार बोटं लांब चीर पडलीय, त्यात चुना भरलाय. म्या हात लावंना. तुझ्या आयनं उचलला, चिरंच्या कडंला बोट लावलं आन् म्हनली, "आवो, ह्यो तर कागदाचा लगदा हाय! माझ्या टोपलीसारखा!" खरंच की रं. वरून रंग, आत कागद दाबून दाबून बसवलेला. म्या आजवर लोखंडाचा समजत व्हतो. मंग म्या बोट घातलं त्या चिरंत. आर्धं पेर आत गेलं. आन् तिथून पुढं दिसभर म्या तो मांडीवरून खाली ठिवला न्हाई. जेवलोबी न्हाई.

टोप फुटला, लेकरा. तो फुटला म्हणून तू न्हाई फुटलास. एवढं मला दिसाच्या शेवटी कळलं. कागदाला एवढी अक्कल!

आता मी सांगतो ते आजवर कोणाला ठावं न्हवतं. तुझ्या आयलाबी इकडं निघतानाच सांगितलं. आश्रुबाला छातीत मार लागला न्हवता. डोक्यात लागला. माझ्यासारखाच. काठी माझ्यावर तिरपी आली, त्याच्यावर सरळ आली, एवढाच फरक. म्या त्याचं डोकं मांडीवर घेतलं तव्हा पटका जशाला तसा व्हता. सकाळी माझ्या आयनं बांधलेला, एक वेढा ढळला न्हवता. वरून बघितलं तर झोपल्यावानी दिसत व्हता. आत समदं गेलं व्हतं.

(इथं दादांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. — व्यंकटी)

आयला काय सांगणार? तिनं सवताच्या हातानं बांधलेला पटका. म्हणून छातीत लागलं म्हनलं. माझा पटका सोडून त्याच्या अंगावर पांघरला आन् तसाच बोडक्या डोक्यानं घरी गेलो. आय दारातच व्हती. तिनं मला लांबूनच बघितलं. तुझ्या त्या केशरबाईचं वाचलं तव्हा मला तेच दिसलं, म्हणून तुझ्यावर वरडलो.

धा वरसं म्या वाचलेल्याची गोष्ट सांगत आलो. गेलेल्याची सांगितली न्हाई. आन् सांगून सांगून मलाच ती खरी वाटाय लागली. तू माझ्याशी म्हैनाभर खोटं बोललास. तुझं मला काय सांगतोस?

काल इथं पारावर व्यंकटीचा बाप आन् दहा-पाच माणसं बसली व्हती. त्यांच्याम्होरं म्या टोप ठिवला. कोणाला पटंना. म्हनले, दादा, तुमीच तर गूळ वाटला! मंग म्या माझा पटका सोडला. एकेक वेढा सोडत, समदा. आन् चारचौघांत बोडक्या डोक्यानं आश्रुबाचं सांगितलं. व्यंकटीच्या बापानं टोप हातात घिऊन उलटासुलटा केला, त्या चिरंत बोट घालून बघितलं, आन् उठून घरात गेला. खिळ्यावरचा टोप आणून लेकाच्या हातात दिला.

(माझ्या डोक्याला तो जरा ढिला होतो, वैजीनाथ. दादांनी स्वतःच्या पटक्याचा हातभर तुकडा फाडून दिला. माझ्या आईनं तो आतून शिवून दिलाय. आता बसतो. — व्यंकटी)

तुझ्या डॉक्टरला माझा राम राम सांग. म्हनावं, तुझं बरोबर हाय. नवा टोप मिळाला की मला कळव, त्यातबी शिवायला पटका शिल्लक हाय.

आन् हात बरा झाला की घरी ये. फटफटीवरच ये. तुझ्या आयला भाकर गरम ऱ्हाती का ते बघायचंय. पण टोप घालूनच निघ आन् येशीपातुर काढू नको. येशीत फटफटी थांबव, टोप काढ, आन् तसाच बोडक्या डोक्यानं उभा ऱ्हा. गावातल्या बायांना म्या सांगून ठिवतो, कोणी रडू नका, माझं लेकरू जितं आलंय. नवा पटका हातात घिऊन मी तिथंच उभा आसंन. आधी तुझं डोकं दोन्ही हातांनी चाचपून बघीन. मंग बांधीन.

तुझा बाप,
सूर्यभान (अंगठा)